म्हाताऱ्याचं उरलेलं वाक्य

“आजोबा, तुम्हाला का वाचवावं?”

विचारलं एकदाचं! शिट्टी आजोबांच्या खोलीच्या दारात श्वास रोखून उभी होती. भीतीने नव्हे, वासाने. त्या खोलीत तीन वास एकत्र नांदायचे. एक मलमाचा, एक जुन्या लोकरीचा, आणि तिसरा कशाचा हे शोधायला गेलं तर दोन दिवस अन्न गोड लागलं नसतं. तिच्या पाठीमागे, हॉलमधल्या सोफ्यावर, तिच्या दोन मैत्रिणी उशा तोंडात कोंबून हसत होत्या. हिंमत असेल तर हाच प्रश्न आजोबांना विचारून दाखव, असं त्यांनीच तिला डिवचलं होतं.

आणि ‘हिंमत असेल तर’ म्हटल्यावर गप्प बसायचे शिट्टीचे दिवस आता सरले होते. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी वर्गात पाणी प्यायला जाऊ का, हेसुद्धा बाकावरच्या शेजारणीकरवी विचारायची. या वर्षी वक्तृत्वात पहिली आली आणि तिच्या तोंडाचं झाकणच उडालं. शिट्टी हे नावही आजोबांचंच. “इतकी वर्षं कुकर नुसताच तापत होता,” ते म्हणाले होते, “आता शिट्टी झाली.”

आजोबा पलंगाच्या कडेला वाकून पायाची नखं कापत होते. त्यांना नेलकटर चालत नसे. एकेचाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. तेव्हाची वायर कापायची पक्कड अजून उशाशी असायची, आणि तीच नखांनाही चालायची. नखं कसली, पिवळी शिंगंच ती. कट्ट! एक तुकडा उडाला आणि थेट शिट्टीच्या बाहीवर येऊन बसला.

“शीऽऽ!” तिने तो असा झटकला की जणू पालच पडली होती.

“कशातून वाचवायचंय मला?” आजोबांनी मान वर न करता विचारलं. दात शेजारच्या वाटीत पाण्यात पहुडले होते, त्यामुळे प्रत्येक शब्दासोबत थोडी हवाही बाहेर येत होती.

“पुरातून. एक नाव आहे. तिच्यात सहाच जागा आहेत.”

“सहा कुणी मोजल्या?”

“मोजल्या म्हणजे? आहेतच सहा.”

“असं कसं, बाळा? लिफ्टमध्येही पाटी असायची, सहा माणसं म्हणून. एकदा काय झालं, पाटीवर सहा आणि आत सात. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध घोडं अडलं. मी वरून बघतो तर…” इथे त्यांना खोकला आला. खोकला म्हणजे नुसता खोकला नव्हे, तळघरातून काहीतरी ओढून वर आणायचा कार्यक्रम. ते वर आलं, आणि पलंगाखालच्या डब्यात गेलं. आवाजासकट.

“बरं बरं, आजोबा,” शिट्टी म्हणाली आणि दार ओढून घेतलं. आजोबांचं वाक्य आतच राहिलं.

“काय म्हणाले?” टाचणीने विचारलं. हडकुळी, टोकदार आणि कुठेही टोचणारी, म्हणून टाचणी.

“लिफ्ट.”

“वगळ!” टाचणी आणि दुसरी मैत्रीण ढोल एका सुरात ओरडल्या, आणि तिघी हसून हसून सोफ्यावर आडव्या झाल्या.

‘वगळ’ हे त्या खेळातलं बटण होतं. खेळाचं नाव ‘शेवटची नाव’. ढोलच्या मामेभावाने तो तिला देताना बजावलं होतं, “हा विचार करायचा खेळ आहे, तुमच्या बसची बात नाही.” झालं! तिघींनी त्याच दिवशी तो शिट्टीच्या घरच्या टीव्हीला लावला. त्यात मारामारी नव्हती, गाड्या नव्हत्या, सोन्याची नाणी नव्हती. एक गाव, गावाच्या डोक्यावर फुटायला आलेलं धरण, घाटावर सहा जणांची नाव आणि गावात अडकलेली अकरा माणसं. खेळणारी म्हणजे गावाची कारकून. तिने हातात वही घेऊन घरोघर जायचं, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, ‘तुम्हाला का वाचवावं?’ आणि कोण नावेत बसणार ते ठरवायचं.

तिघींनी आपले नियम केले होते. कंट्रोलर एकीच्या हातात, पण निर्णय मतांनी. तीनपैकी दोन हात वर गेले की जिच्या हातात कंट्रोलर असेल तिने मुकाट्याने बटण दाबायचं. दुसरा नियम ढोलचा. पडद्यावर बोलणं चौकटी-चौकटींनी यायचं; जो कुणी तीन चौकटींच्या वर पाल्हाळ लावेल, त्याला वगळायचं. वगळलं की त्याचं बोलणं तिथेच तुटायचं आणि पुढचं घर यायचं.

अशी दहा घरं झाली होती. सुईण घेतली, होडीवाला घेतला, दोन पोरं घेतली, शाळामास्तर वादावादी होऊन घेतला, आणि गाणारी बाई ढोलच्या हट्टामुळे घेतली. सहा झाले. अकरावा म्हणजे जिन्यात बसलेला एक म्हातारा. प्रश्न विचारल्यावर तो आधी खोकला, मग डोळे पुसले, मग म्हणाला, ‘मला न्यावं असं माझ्यात काही नाही, पण तू आलीच आहेस तर…’

“हा तर डिट्टो तुझा आजोबा!” ढोल किंचाळली होती, आणि तिथूनच ती पैज निघाली होती.

आता पैज जिंकून शिट्टी पुन्हा सोफ्यावर बसली आणि कंट्रोलर उचलला. म्हातारा पडद्यावर तसाच थांबला होता, तोंड अर्धवट उघडं ठेवून.

“मत घ्या,” टाचणी म्हणाली. “वगळ म्हणणाऱ्यांनी हात वर.”

तीन हात वर गेले. शिट्टीचा सगळ्यात आधी. तिला हात वर करायची सवयच लागली होती.

आताच बुधवारी रात्री जेवताना तिने तो असाच वर केला होता. शिट्टीची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत “हे बरं दिसतं, की हे?” असं विचारून तिला घरीही तसंच बोलायची खोड लागली होती. बुधवारी तिने तस्संच विचारलं होतं, “अण्णा इथे बरे, की तिथे बरे?” अण्णा म्हणजे आजोबा, आणि तिथे म्हणजे गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. बाबा फरशा बसवायचे. गुडघ्यांवर आणि पाठीवर कमावलेलं आयुष्य. आणि आता आजोबांना बाथरूममध्ये रोज दोनदा उचलून त्यांची कंबर जायबंदी व्हायच्या बेतात आली होती. ते ताटाकडे बघत “तिथे” म्हणाले. आई म्हणाली, “मला इथे बरे वाटतात.” एक इकडे, एक तिकडे. दोघांनी शिट्टीकडे पाहिलं. आजोबा गेले की ती खोली तिची होणार होती. दार असलेली खोली! सोफ्यावर पाय मुडपून झोपणं बंद, पुस्तकांना कपाट, टीव्ही आत. शिट्टीने घास गिळायच्या आधी हात वर केला. “तिथे.” आजोबांना मात्र ‘दोन महिने हवापालट’ एवढंच सांगितलं होतं. उद्या रविवार. उद्या सकाळी गाडी येणार होती.

शिट्टीने बटण दाबलं. म्हातारा गेला. पाणी आलं. नाव निघाली. जिन्यापर्यंत पाणी चढताना कॅमेरा एकदा तिकडे वळला, पण ढोल चिप्सचं पाकीट फोडण्यात गुंतली होती.

“जिंकलो!” टाचणी म्हणाली.

पण खेळ संपला नव्हता. पडद्यावर ‘वीस वर्षांनंतर’ अशी अक्षरं आली. वाचलेले लोक तळ्याकाठी जमले होते, मध्ये ती कारकुनाची वही होती, आणि मागे राहिलेल्यांची शेवटची वाक्यं त्यातून वाचून दाखवायची असं त्यांचं ठरलेलं होतं. एकेक पान उलटलं. राहिलेल्या पाच जणांपैकी चौघांचे शब्द वाचून झाले. पाचवं पान आलं. त्यावर एवढंच होतं: ‘मला न्यावं असं माझ्यात काही नाही, पण तू आलीच आहेस तर’. पुढे कोरं. खाली खेळाने लिहिलं होतं: ‘तो पुढे काय म्हणाला, ते तुम्हालाच माहीत. पूर्ण करा.’ आणि अक्षरांची पाटी उघडली.

“अय्या, आपण लिहायचं?” ढोल सरसावली. “लिही, मी कंटाळवाणा होतो!”

“लिही, खॅक खॅक थू!” टाचणी.

शिट्टीला त्याहून भारी सुचलं. सुचायला वेळ लागला नाही, कारण ते तिच्या मनात बुधवारपासून तयारच होतं. एकेक अक्षर निवडत तिने लिहिलं: ‘माझ्या अंगाला वास येतो, मला इथेच टाकून जा.’

दोघींनी टाळ्या दिल्या. शिट्टीने ‘ठीक’ दाबलं.

खेळ रागावला नाही, भोंगा वाजला नाही, गुण कापले नाहीत. तळ्याकाठचे ते लोक फक्त उभे राहिले. ज्या पोराला त्यांनी नावेत घेतलं होतं तो आता मोठा बाप्या झाला होता. त्याने वही हातात घेतली, आणि शिट्टीचं वाक्य मोठ्ठ्या अक्षरांत पडद्यावर उमटलं. ‘माझ्या अंगाला वास येतो, मला इथेच टाकून जा.’ गाणाऱ्या बाईने मान खाली घातली. सुईणीने डोळ्यांना पदर लावला. त्यांनी ते खरं मानलं होतं. थट्टा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! सगळ्यांनी मिळून ते वाक्य दगडावर कोरलं, आणि दगड पाण्याकाठी उभा केला.

ढोलचं चिप्स चावणं थांबलं.

“हे कोण म्हणालं?”

तिघी दचकल्या. आजोबा खोलीच्या दारात उभे होते, वॉकरला धरून. बाथरूमला निघाले असतील. नाकावर आईने करून दिलेला चष्मा होता, अगदी अचूक नंबरचा. त्यांनी पडद्यावरचा दगड वाचला, ओठ हलवत, एकदा आणि मग पुन्हा एकदा.

“खेळातला… खेळातले एक आजोबा,” टाचणी म्हणाली.

“छे.” आजोबांनी मान हलवली. “म्हाताऱ्याला स्वतःचा वास येत नाही गं. हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय.”

आणि ते वॉकर ठोकत निघून गेले. ठक, ठक. ठक.

शिट्टीने हातातल्या कंट्रोलरकडे पाहिलं. तिला वाटलं, आता इथेच, सोफ्यावरच ओकारी होणार. नखाच्या तुकड्याची, डब्याची, वाटीतल्या दातांची जेवढी किळस तिला आजवर आली होती, ती सगळी एकत्र केली तरी या किळसेच्या पासंगाला पुरली नसती. कारण ती झटकता येत होती. बाही झटकली की नख पडतं. ही कुठून झटकायची? ही तर तिच्याच बोटांना चिकटली होती, अक्षर अक्षर निवडून.

“एवढं काय! गेम आहे गं,” टाचणी म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा टोचत नव्हता.

“त्या दुसऱ्या गेममध्ये आपण दोनशे माणसं उडवली,” ढोलनेही री ओढली. “तेव्हा कुठे काय झालं तुला?”

“तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, त्यातला एक जण काय म्हणत होता ते.”

“मग काय शिकवलं तुला या गेमने? म्हाताऱ्यांशी गोड वागा?”

“काहीच नाही शिकवलं!” शिट्टी उसळली. “शिकवायला लागला असता तर मी वगळलं असतं. आई शिकवते, बाई शिकवतात, भिंतीवरचे सुविचार शिकवतात. याने नुसती वही पुढे केली गं. म्हणाला, लिही. आणि मी काय लिहिलं? शी! मी काय लिहिलं!”

ढोलने तिच्यापुढे चिप्सचं पाकीट धरलं. तिची समजूत घालायची पद्धत तीच. शिट्टीने ते बाजूला सारलं आणि खेळ मागे नेला, जिन्यातल्या म्हाताऱ्यापर्यंत. “आता कुणी हात वर करायचा नाही. ऐकायचं.”

म्हातारा बोलू लागला. ‘पण तू आलीच आहेस तर बस जरा. खालच्या पायरीवर माझी कुत्री बसायची…’ तेवीस चौकटी! कुत्री, कुत्रीची चार पिल्लं, जिन्याला कुणी कसला रंग दिला, बायकोला तो कसा आवडला नाही. ढोल मोजत होती. तेविसाव्या चौकटीत तो म्हणाला, ‘झालं. एवढंच होतं. जा तू आता.’ बस! ना किल्ली, ना सातवी जागा, ना कसलं बक्षीस.

“काहीच मिळालं नाही की!” ढोल म्हणाली.

“हो ना,” शिट्टी म्हणाली. तिलाही आत कुठेतरी काहीतरी मिळायची आशा होती, आणि हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची आणखी थोडी किळस आली. म्हणजे नुसतं ऐकायचेसुद्धा गुण हवे होते तिला! पण एक गोष्ट झाली होती. ‘जा तू आता’ वाचल्यावर तिचा अंगठा बटणावर होता आणि खाली जात नव्हता. मघाशी हाच म्हातारा तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत बुडवला होता. आता त्याची कुत्री कुठल्या पायरीवर बसायची ते तिला माहीत होतं, आणि झाली पंचाईत!

टीव्ही तसाच सोडून ती उठली. “तुम्ही जा आता. सोमवारी भेटू.”

“रागावलीस?”

“तुमच्यावर नाही.”

मैत्रिणी गेल्या. शिट्टी आजोबांच्या दारात गेली. या वेळी तिने श्वास रोखला नाही. वास सगळाच्या सगळा नाकात घेतला, तिसऱ्यासकट. घाण म्हणजे घाणच. तिला वाटलं होतं, मन पालटलं की वासही जाईल. कुठला जातोय!

“आजोबा, मघाशी तुमची लिफ्ट अडकली होती. मधोमध.”

आजोबा परत पलंगावर येऊन उरलेली नखं कापत होते. त्यांनी पक्कड बाजूला ठेवली. “तू गेलीस की दार ओढून.”

“आता आलेय.”

“बस.” मग त्यांनी सांगितलं, आणि काही भराभर सांगितलं नाही. पाटीवर सहा, आत सात. चाळीस मिनिटं ते सात जण अंधारात उभे होते, आणि वरून आजोबांना त्यांचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. चाळीसही मिनिटं एकच वाद, सातवा कोण? तुम्ही शेवटी चढलात. नाही, तुम्ही जाडे आहात. ही बाई सामानासकट दोघांची आहे. “प्रत्येकाला माहीत होतं बघ, सातवा कोण ते. आणि एकालाही तो स्वतः वाटत नव्हता.”

“मग? कोण होतं सातवं?”

“कुणीच नाही. दाराच्या खाचेत एवढुस्सा खडा अडकला होता. कुणाच्या तरी चपलेतून पडलेला. दार ढिलं झालं, लिफ्ट थांबली. वजनाचा काही संबंधच नव्हता.” ते हसले, आणि हसता हसता पुन्हा तळघरातला खोकला आला. शिट्टीने डबा पुढे केला. डोळे गच्च मिटून, तोंड कारलं खाल्ल्यासारखं करून, पण केला.

“नखं आजच का कापताय, आजोबा? बाबा कापतात ना रविवारी?”

“उद्या जायचंय ना.” ते पुन्हा पायावर वाकले. “दोन महिने म्हणे. दोन महिने काय, मी काय कुक्कुलं बाळ आहे? तिथे कुणीतरी परकी पोर येणार पाय धुवायला. तिला पहिल्याच दिवशी ही घाण कशाला?”

कट्ट. तुकडा उडाला आणि शिट्टीच्या पायाशी पडला. तिने तो उचलला. दोन बोटांच्या चिमटीत, हात लांब धरून, पण उचलला, आणि वर्तमानपत्रावर ठेवला.

मग तिने न्हाणीत जाऊन साबणाने तीनदा हात धुतले.

संध्याकाळी बाबा आले. केसांत सिमेंट, एक हात कमरेवर. पाठोपाठ आई आली. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, चहाचा पहिला घोट घेतला न घेतला तोच शिट्टी समोर येऊन उभी राहिली, वक्तृत्वाला उभी राहायची तशी, पाठ ताठ करून.

“मला काहीतरी सांगायचंय. विचारायचं नाहीये, सांगायचंय.”

“बापरे,” बाबा म्हणाले. “गाडीवाल्याला फोन करायचाय मला अजून. पटकन बोल.”

“नको करूस. बुधवारी मी जो हात वर केला होता, तो मी खाली घेतेय.”

आईने कप खाली ठेवला. बाबांनी तिच्याकडे, मग आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. “अगं, हा काय खेळ आहे?”

“हो. तिथेच तर कळलं,” शिट्टी म्हणाली. “मी आजोबांचा विचार करून मत दिलंच नव्हतं, बाबा. मी खोलीला मत दिलं होतं. आणि आपण त्यांना विचारलंसुद्धा नाही. सातवा कोण ते आपण तिघांनी जेवता जेवता ठरवलं.”

“सातवा?” आई म्हणाली. “आपण चौघंच तर आहोत.”

“तेच! तरी आपण सातवा शोधून काढलाच.”

“माझी पाठ?” बाबा हळूच म्हणाले. चिडून नव्हे, खरंच विचारत होते. “पाठीचं काय करू, शिट्टे? मला का हौस आहे?”

“ते ठरवलंय मी. उद्यापासून बाथरूममध्ये त्यांची एक बाजू मी धरणार. सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी. तू दुसरी धर. मला किळस येते त्यांची, आत्ताही येतेय, आणि ती जाणार नाही, मी हुंगून बघितलंय. येऊ दे. नाक मुरडत धरेन, पण धरेन. खोली त्यांचीच राहील, मी सोफ्यावर. त्यांना स्वतःला जायचं असेल तर जातील, पण ते त्यांनी बोलायचं, आणि आपण शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये लिफ्टची गोष्ट आली तरी. आणि आई, तुझ्या दुकानाशेजारून त्या दातांसाठी झाकणाचा डबा आण. घट्ट झाकणाचा. एवढी एक माझी अट.”